उष्ट्या हळदीची वाटी

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तोही साठीत. आजवर पंचनामे खूप लिहिले, लेख कधी लिहिला नाही. हा आगाऊपणा वाटल्यास वाचकांनी माफ करावं. पण नेवासा भागातलं एक लग्नघर अजून मनातून जात नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या मामांचा ठाण्यात फोन आला. "साहेब, नवऱ्याकडच्यांनी उष्ट्या हळदीत कायतरी कालवलंय. पोरीचं तोंड भाजलंय!"

नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावतात, ती उष्टी हळद. स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही निघालो. मुलीचा चेहरा लालबुंद होऊन सुजला होता. तिला रुग्णालयात पाठवलं आणि हळदीची वाटी पंचांसमक्ष सील केली. मामांचा संशय मुलाच्या आईवर होता. मुलीच्या गालांवर मुरमांचे खड्डे होते आणि बघण्याच्या वेळी तिकडच्या बायका त्यावरून कुजबुजल्या होत्या.

"लग्न मोडलं! आधी त्या म्हातारीला आत टाका," मामा म्हणाले.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून आम्हीच तिच्या घरी गेलो. उलटसुलट विचारलं, पण तिचा जबाब हलला नाही.

"व्हय, वाटी मीच धाडली. तीच हळद आधी माझ्या लेकाला चोळली. बघा की त्याचं तोंड! आधीच काळं, त्यात पिवळं. भाजलंय कुठं?"

हळदीत काही नंतर मिसळलं असेल, ही शंका तरीही राहिली. मग रुग्णालयात माझी नजर मुलीच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत पिवळे, पण एक पुरळ नाही. हळद एकच, मग आग फक्त चेहऱ्याचीच का?

मी नातेवाइकांना बाहेर काढलं. आमच्या महिला हवालदार तिच्याजवळ बसल्या. "बाळा, तोंडाला काय केलं होतंस?"

ती रडायला लागली. मग म्हणाली, "परवा सावेडीतल्या दवाखान्यात मायक्रोनीडलिंग केलं. बारीक सुया टोचत्यात, खड्डे भरून येत्यात. डॉक्टर म्हनले हुते, चार-पाच दिवस तोंडाला काय लावू नको."

"मग हळद लावून का घेतलीस?"

"नको म्हनले असते तर सगळ्यांनी का म्हनून इचारलं असतं. सासूबाईंना कळलं असतं."

टोचलेल्या कातडीवर हळद चोळल्यानंच हे झालं, असं डॉक्टरांनीही सांगितलं. खड्डे नाही, पण सूज उतरेल म्हणाले.

आम्ही खरं काय ते कळवल्यावर सासू स्वतः आली. "येडे, ते खड्डे बघूनच मी व्हय म्हनले हुते. माझ्या लेकाला कोन रूपवती देनार हुतं?" सुजलेल्या तोंडानं मुलगी हसली.

आरोपी सापडणं म्हणजे तपास, असं मी नोकरीभर मानत आलो. आरोपीच नाही हे सिद्ध करणं हाही तपासच, हे त्या दिवशी शिकलो.

लग्न पुढं ढकललं होतं. त्याचं काय झालं, हे मात्र कळत नव्हतं. एके दिवशी मामांचाच फोन आला. "साहेब, लग्न लागलं! ह्या बारीला पोरीला हळद नुसती हातापायाला लावली. आन म्हातारीकडनं वाटी आली ना, ती मांडवाच्या दारात मीच मानानं हातात घेतली."