विहिरीच्या पाण्यावरची बॅटरी

वरोरपासून सायवनपर्यंत माझ्या मेव्हण्याइतका हट्टी माणूस देवाने दुसरा घडवलेला नाही. लोक म्हणतात, दुसरा मी. म्हणू देत. मी चौथीत शाळा सोडली, पण सायवनला जन्मभर भात भरडायची गिरण चालवली, तेव्हा हट्ट कुठे संपतो आणि मूर्खपणा कुठे लागतो ते मला कळतं. मेव्हण्याला ते कधी कळलं नाही, कारण त्याच्या वाडीत विहीर होती.

वरोर समुद्राला चिकटलेलं. शेजारपाजारच्या विहिरींचं पाणी मचूळ, चहात घातलं तर दूध फाटेल. ह्या एकाच्या विहिरीला गोड झरा. झरा त्याच्या आज्याच्याही आधीचा, पण ऐट अशी की जणू ह्यानेच तो कुठून तरी खांद्यावर वाहून आणला. दारात पाहुणा आला की आधी तांब्याभांडं. पाहुण्याने घोट घेतला की हा समोर वाकून विचारणार, "कसं?" गोड म्हणेपर्यंत चहा नाही. लग्नाला जाताना आहेर विसरेल, पण पाण्याची बाटली काखेत असायचीच. एकदा मयताला गेला, तर तिथेही खांदेकऱ्यांना पाणी पाजून हळूच विचारलं, "कसं?" मी इतकी वर्षं त्या घरचं पाणी प्यालो आणि एकदाही गोड म्हटलं नाही. "ओलं आहे," एवढंच म्हणायचो. माझी धाकटी बहीण त्याला दिलेली, ती पदराआड हसायची. "दादा, म्हण की एकदा गोड. तुझं काय जातं?" काय जातं ते तिला चांगलं ठाऊक होतं. आमच्या बापाचीच मुलगी ती.

मग तिची छाती बिघडली. चूल फुंकण्यात जन्म गेला, फुप्फुसं चाळणीसारखी झाली. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते विजेवर चालायचं, आणि आमच्याकडे वारा जरा जोराने खोकला तरी वीज जाते. डॉक्टरांनी बजावलं, "वीज गेली तर दुसरी सोय पाहिजे. आजच करा."

आज कसली? मेव्हण्याने ती सोय निवडायला पावणेदोन महिने घेतले. वाणगावपासून डहाणूपर्यंत एक दुकान सोडलं नाही. जनरेटर बघायला गेला तर दुकानदाराला म्हणाला, चालू करा, आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून डोळे मिटून बसला. "काय करताय काका?" "झोप लागते का बघतोय. आमची बाई ह्याच्या बाजूला झोपणार." सोलरवाल्याला विचारलं, "वादळात ऊन कोण आणणार? तुम्ही?" मी सांगितलं, "भावोजी, जनरेटर घ्या. लांब वाडीत ठेवा, वायर आत ओढा. माझ्याकडे एक पडलाय, तोच न्या." तर म्हणतो कसा, "गिरणवाले, इंजिनापाशी बसून तुमचे कान गेले, आता तिची छाती घालवता? धूर नको मला." बहीण खाटेवरून म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा सावकाश. मी श्वास तोवर राखून ठेवते."

शेवटी इन्व्हर्टर घेतला, तोही कशावरून? प्रत्येक दुकानात हा आपली बाटली पुढे करायचा. डहाणूच्या एका गुजराती दुकानदाराने घोट घेतला आणि म्हणाला, "अरे काका, आ तो शरबत छे!" झालं. त्याच दुकानातला इन्व्हर्टर, त्याच दुकानातली बॅटरी.

बसवायला आलेला मिस्त्री दोनदा सांगून गेला, "काका, ह्यात फक्त बॅटरीचं पाणी घालायचं, दुकानात कॅन मिळतो." मिस्त्री फाटकाबाहेर गेला तशी मेव्हण्याने मिशी चोळली. "विकतचं पाणी? आमच्या घरात? गावाने काय म्हणावं?" आणि पुढे दर पौर्णिमेला बॅटरीला हळदकुंकू लावून, बुचं उघडून, तांब्याने विहिरीचं पाणी घालायचा.

आता जे लिहितो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. अशाच एका पौर्णिमेला मी तिथे होतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीत ओहोळाचं पाणी घालून मी स्वतः एक बॅटरी मारलेली आहे. पाणी कितीही गोड असो, बॅटरीला ते विष. मला माहीत होतं. तोंड उघडायचा अवकाश होता. पण मी गप्प बसलो. म्हटलं, बसू दे बॅटरी. मग येईल माझ्या दारात जनरेटर मागायला. तेव्हा मी विचारीन, "कसं?"

वादळ आलं ते भात कापणीच्या दिवसांत. भर दुपारी चिकूची झाडं तारांवर पडली, वीज गेली. तासाभरात फोन आला. चार तास चालायची ती बॅटरी अर्ध्या तासात बसली होती. मेव्हणा म्हणाला, "दादा, तुमचा जनरेटर आणा." आयुष्यात मला त्याने गिरणवाले सोडून दुसरी हाक मारली नव्हती. माझ्या तोंडून 'कसं' निघालं नाही. टेम्पोत जनरेटर घातला आणि निघालो. वाटेत आडवी झाडं, ती कोयत्याने तोडत तोडत पोचलो तर घर उघडं, खाट रिकामी. शेजारच्यांनी मासळीच्या टेम्पोतून तिला डहाणूला नेली होती. मी अंगणात जनरेटर उतरवला. का उतरवला, माहीत नाही.

आठ दिवसांनी ती दवाखान्यातच गेली. डॉक्टर म्हणाले, छाती संपलीच होती, वीज निमित्त. डॉक्टर भला माणूस.

मेव्हण्याला वाटतं, पाणी त्याचं होतं. होतंच. पण गप्प बसणं माझं होतं.

परवा वरोरला गेलो. बॅटरी नवी होती. शेजारी दुकानातल्या पाण्याचा पांढरा कॅन, अर्धा संपलेला. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागलेला, आणि त्याला जोडायला घरात काही नाही. मेव्हण्याने सवयीने तांब्याभांडं आणलं, माझ्या हातात दिलं आणि समुद्राकडे बघत बसला. विचारलं नाही. मी घोट घेतला, थांबलो, पुन्हा एक घेतला.

"गोड आहे, भावोजी."

त्याने मिशी चोळली. मग म्हणाला, "ओलं आहे, दादा. नुसतं ओलं."

मी भांडं पुढे केलं आणि आणखी मागितलं.