थोरल्या घराचा पासवर्ड

ती घटना आठवली की आजही मला आरोपी आधी दिसत नाही. दिसतो तो माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पडून राहिलेला एक कागद, एका उमेदवाराच्या चारित्र्य पडताळणीचा. हा कागद पंधरा मिनिटांत निघतो. रेकॉर्ड पाहायचं, गुन्हा नाही अशी खात्री करायची आणि सही करून वर पाठवायचा. तो मी तीन आठवडे दाबून ठेवला होता. का, ते पुढं येईलच. नावं कोणाचीच सांगणार नाही. माझंही नाही.

तेव्हा मी अकोल्यातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. शिपाई म्हणून लागलो आणि खात्याच्या परीक्षा देत देत वर आलो. घरी एकच मुलगा. स्पर्धा परीक्षेत तो तिसऱ्यांदा नापास झाला होता. त्या काळात कोणाचा मुलगा पास झाला असं कानावर आलं की माझ्या पोटात दुखायचं. अभिनंदन करायचो, पेढाही खायचो, पण तो पेढा गोड लागायचा नाही. हे आज लिहितो आहे. त्या वेळी बायकोलाही कबूल केलं नसतं.

एका सकाळी हजेरी आटोपली आणि एक नवरा-बायको तक्रार घेऊन आले. त्यांच्या मुलीचं लग्न अमरावतीच्या मुलाशी ठरलं होतं, साखरपुडा बारा दिवसांवर आला होता. त्या मुलाच्या मोबाईलवर तीन दुपारी तीन मेसेज गेले होते. ‘ही माझी आहे. दोन वर्षांपासून आमचं चालू आहे. लग्न केलंस तर पस्तावशील.’ मेसेज पाठवणाऱ्या खात्यावर नाव आणि फोटो होता तो त्यांच्याच घरातल्या किरायेदाराचा. अमरावतीकरांनी निरोप धाडला होता की पोलिसांकडून खरं काय ते कळू द्या, मगच साखरपुड्याचं पाहू.

मुलीची आई रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती एवढंच म्हणाली, “साहेब, पोरगी जेवून नाही राहिली.”

घर दोन मजली. खाली हे धाकटे भाऊ-भावजय आणि त्यांची मुलगी, वर थोरले भाऊ-भावजय, मागच्या खोलीत तो किरायेदार. वय सव्वीस. तेल्हाऱ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा, शेतकी शिकलेला. आणि महिन्यापूर्वीच त्याची नायब तहसीलदार म्हणून निवड झाली होती. टेबलावर पेपरवेटखाली पडलेला कागद त्याचाच होता. निवडीची बातमी वाचल्यावर कागद समोर आला, आणि मी स्वतःशी म्हणालो, राहू दे, काय घाई आहे. कारण काही नव्हतं. पहिल्याच झटक्यात पास झाला होता, एवढंच.

गुन्हा दाखल केला. दुसऱ्या दिवशी थोरली जाऊ एकटीच ठाण्यात आली. चांगल्या घरची बाई, नीट नेसलेली, आवाज हळू. “मी सांगतलं म्हणून कोणाले सांगू नका,” ती म्हणाली. “तो पोरगा आमच्या पुतणीकडं पायत राह्यते. गच्चीवर कपडे वाळू घालाले गेली की हा पुस्तक घेऊन हजर. मी जावेले सांगतलं होतं, पण ते म्हणे तो सज्जन आहे.”

खबर देणारा माणूस खबर का देतो, हे आधी पाहायचं असतं. नव्या फौजदारांना मी हे शिकवत आलो होतो. त्या दिवशी मात्र मी तिला चहा पाजला. तिची खबर मला हवी तशीच होती.

किरायेदाराला नोटीस देऊन बोलावलं. खोलीची झडती घेतली. कॉट, पंखा, एक स्टोव्ह आणि भिंतीला लावून पिवळ्या पुठ्ठ्याच्या जाड वह्या. सगळ्यांवर आकडे घातलेले, एक ते अकरा. चार आणि सात नव्हत्या.

“चार नि सात कुठं आहेत?”

“मित्राले दिल्या जी अभ्यासाले.”

“नाव काय मित्राचं?”

तो गप्प बसला. पुन्हा विचारलं, तरी गप्प. झडतीत माणूस एखाद्या साध्या प्रश्नावर अडला की मी खूण करून ठेवत असे. इथंही केली.

पुढचे चार दिवस तो रोज दहाला यायचा आणि मी त्याला बाकावर बसवून ठेवायचो. अंगाला हात लावला नाही. पण बोललो पुष्कळ. “तहसीलदार व्हायच्या आधीच दादागिरी सुरू?” “एकतर्फी प्रेमात माणूस नाव लपवत नाही, उलट मिरवतो.” तो एवढंच म्हणायचा, “साहेब, ते खातं माहं नाही. त्या तिन्ही दुपारी मी अभ्यासिकेत होतो.” खोटं बोलणारा तपशिलांचा पाऊस पाडतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. याच्याकडं तपशील दोनच होते आणि तो तेच सांगत होता. अभ्यासिकेच्या रजिस्टरवर त्याच्या सह्या होत्या. मी म्हणालो, सही करून मागच्या दारानं कोणीही निघून जाईल. मोबाईल जप्त करून तपासला, त्यात ते खातं नव्हतं. मी म्हणालो, पुसलं असेल.

“हे गुन्ह्यात अडकलं तर माही नेमणूक जाईन, साहेब,” चौथ्या दिवशी तो म्हणाला. “बाप वावरातून धावत येऊन राह्यला होता निकाल आयकून. त्याले काय सांगू?”

खरं सांगतो, ते ऐकून मला बरं वाटलं. त्याच्या बापाला धावत येताना मी डोळ्यांपुढं पाहिलं आणि मला तो बाप सहन झाला नाही.

पाचव्या दिवशी सायबर शाखेचा अहवाल आला. तिन्ही मेसेज त्याच घराच्या इंटरनेट जोडणीवरून गेले होते. मी टेबलावर थाप मारली. “झालं. अटकेची तयारी करा.”

अहवाल घेऊन आलेली सायबरची हवालदार जागची हलली नाही. बाई वयानं माझ्या निम्मी. “सर, जोडणी पूर्ण घराची आहे. मले एकदा तिथला राऊटरचा डबा पाहू द्या.”

हिचाही मला राग यायचा. ती आली की वरिष्ठ तिचं ऐकायचे. पण पंचनामा तर करायचाच होता, म्हणून गेलो.

धाकट्यांच्या दिवाणखान्यात राऊटर होता. शेजारी भिंतीवर चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर वायफायचं नाव नि पासवर्ड. “महालक्ष्म्यांच्या जेवणाले शंभर पान उठते आमच्याकडं,” धाकटी म्हणाली. “पोरंसोरं विचारत राह्यतात, म्हणून लावून टाकला.” म्हणजे सगळ्या गल्लीला तो तोंडपाठ.

हवालदारनं लॅपटॉप जोडला, राऊटरचं पान उघडलं. कोणतं उपकरण किती वाजता जोडलं गेलं नि किती वाजता सुटलं, याची त्यात नोंद होती. तिन्ही मेसेजच्या वेळा तिनं कागदावर लिहिल्या आणि बोट खाली खाली नेत गेली. दोन दुपारी धाकट्यांचेही मोबाईल जोडलेले, त्यातून काही ठरेना. तिसरी दुपार मात्र वेगळी होती. त्या दिवशी धाकटं कुटुंब साड्या घ्यायला अमरावतीला गेलं होतं. किरायेदाराचा मोबाईल सकाळी साडेनऊला सुटला होता तो संध्याकाळीच पुन्हा जोडला गेला. दुपारी तीनच्या सुमारास राऊटरवर एकच नाव होतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, ‘थोरलं घर’.

“हा मोबाईल कोणाचा?” मी विचारलं.

“मोबाईल नाही, सर. दुसरा डबा आहे. ॲक्सेस पॉइंट म्हणतात. खालून केबल नेऊन वर लावलाय, वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचावं म्हणून. वरचे सगळे मोबाईल त्याच्या मागं असतात. इथं फक्त त्याचं नाव दिसते.”

डबा बसवणाऱ्या केबलवाल्याला बोलावलं. तो सांगू लागला, “मी म्हटलं, काकू, खालचंच नाव नि खालचाच पासवर्ड ठेवतो. जिना चढता चढता मोबाईल आपोआप वरचं पकडते. तर त्या म्हणे, नाही, आमचं येगळं पायजे. खालच्याइले आमचे फोन दिसले नाही पायजे. मग काय, मी सेटिंग बदलून येगळं करून देलं. नावबी त्याइनंच सांगतलं.”

एका छताखाली जावांची चूल वेगळी होते, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. वायफाय वेगळं झालेलं पहिल्यांदाच पाहिलं.

हवालदारला घेऊन वर गेलो. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच आणि महिला पोलिसासमोर घ्यायचा असतो. थोरलीचे यजमान नोकरीवर, मुलगा पुण्यात. दुपारी घरात ती एकटीच. डबा देवघराच्या वर फळीवर, क्रोशाच्या रुमालानं झाकलेला.

आता जे सांगतो ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. खरं काय ते मला जिन्यातच कळलं होतं. तरीही खुर्चीत बसल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा, “काकू, तो किरायेदार तुमच्या वायफायवर बसत असेल ना? अभ्यासासाठी पासवर्ड मागून नेला असेल?”

हवालदारनं माझ्याकडं चमकून पाहिलं. तिला कळलं की मी दार उघडून दिलं आहे. थोरलीनं नुसतं ‘हाव’ म्हटलं असतं, तरी तो मुलगा पुन्हा बाकावर आला असता. आणि मला तिचं ‘हाव’ हवं होतं. आत कुठंतरी मी त्याची वाट पाहत होतो.

ती ताठ बसली. “त्याले? माह्या वायफायवर? तिचा पासवर्ड असन तिथं सगळ्या गावाले वाटलेला, भितीवर चिटकवला आहे. माहा मी कोणालेच देत नाही. माह्या नवऱ्याच्या फोनमंधीबी मीच टाकून देला, त्याले बी सांगतला नाही.”

हवालदारनं ते वाक्य शब्दशः लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि मग तिसऱ्या दुपारची नोंद पुढं ठेवली. थोरलीनं नोंद पाहिली, डब्याकडं पाहिलं, आणि रुमालाचं टोक सारखं केलं.

“स्थळ मी आणलं होतं,” ती म्हणाली. “माह्या भावाच्या पोरीसाठी. मानसं पाह्यले आले, खाली पाणी प्यायले थांबले, नि हिची पोरगी पसंत केली. मले वरून चहा घेऊन बलावलं. मोलकरणीवानी कप नेऊन देले मी. राऊटर खाली, पाव्हणे खाली, हासणं-खिदळणं खाली. पोराशी दोन शब्द बोलाले मले जिन्यात बसा लागे, वर रेंज नव्हती. जाता-येता तिची पोरगी मले ओलांडून जाये.” मग माझ्याकडं पाहून ती म्हणाली, “तुमाले नाही समजाचं, साहेब.”

मला सगळं समजत होतं. इतकं समजत होतं की मी तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही.

किरायेदार निवडीचे पेढे वाटत होता तेव्हा तिनं त्याचा फोटो काढला होता, तोच त्या खात्यावर लावला. तो मुलगा बिचारा मध्ये सापडला. त्याच्यावर तिचा काही राग नव्हता. राग होता तो माझा.

तिच्या मोबाईलमधून पुढचा पुरावा मिळाला, कागद कोर्टात गेले. अमरावतीकर स्वतः ठाण्यात येऊन खात्री करून गेले आणि साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. थोरली वरच बसून होती, असं कळलं. त्याच दिवशी मी चारित्र्य पडताळणीचा कागद काढला आणि ‘प्रतिकूल काही नाही’ असं लिहून सही केली. पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी घरी गेलो. मुलगा टेबलाशी अभ्यासाला बसला होता. त्याच्यासमोर दोन वह्या होत्या. पिवळा पुठ्ठा. एकीवर चार, दुसरीवर सात.

“या कोणाच्या?”

तो चपापला. “एक मित्र आहे बाबा, तेल्हाऱ्याकडचा. नायब तहसीलदार झाला. आमी एकाच अभ्यासिकेत बसतो.”

“कधी बोलला नाहीस?”

“तुमाले आवडत नाही ना, दुसऱ्याचं पोरगं लागलं की. घरात तोंड पाडून बसता. म्हणून मीच त्याले म्हटलं होतं, माह्या बाबाले कळू देऊ नको तुह्या वह्यांवर माहा अभ्यास चालते म्हणून.” मग तो वही मिटत म्हणाला, “पण काय झालं कोणास ठाऊक. चार-पाच दिवस अभ्यासिकेत आलाच नाही. आताबी येते नि गुमसुम बसते. फोनबी लागत नाही.”

“फोन माझ्याकडं आहे,” मी म्हणालो. “मुद्देमालात.”

मी सगळं सांगितलं. माझ्या समोर चार दिवस बाकावर बसलेल्या त्या पोरानं एकदाही म्हटलं नाही की मी तुमच्या मुलाचा मित्र आहे. दिलेला शब्द पाळायला त्यानं स्वतःची नेमणूक पणाला लावली. ऐकून झाल्यावर माझा मुलगा उठून बाहेर गेला आणि त्या रात्री माझ्या पंगतीला जेवला नाही.

या गुन्ह्यानं मला वायफाय, ॲक्सेस पॉइंट वगैरे शिकवलं, ते बाजूला राहू द्या. तपासात सर्वांत आधी स्वतःची झडती घ्यावी लागते, हे मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो. संशयिताचा मला राग का येतो आहे, हे मी पहिल्या दिवशी स्वतःला विचारलं असतं, तर तो मुलगा त्या बाकावर बसलाच नसता. थोरलीवर खटला चालला. माझ्यावर कोणी चालवला नाही.

वह्या दिसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात त्याच्या खोलीवर गेलो. मोबाईल दिला, पावतीवर सही घेतली, माफी मागितली. मग पिशवीतून त्या दोन वह्या काढल्या.

त्यानं हात पुढं केला नाही. “राहू द्या जी,” तो म्हणाला. “त्याची परीक्षा व्हायची आहे अजून.”