साहेबाची सरकी, म्हाताऱ्याची म्हैस

कापसाला सोन्याचा भाव आला आणि आमच्या साहेबाला वऱ्हाड सुधारायची लहर आली. मी अमरावतीच्या कचेरीतला कारकून. गावोगाव विलायती सरकी फुकट वाटायची आणि ज्वारी सोडून हीच पेरा म्हणून सांगायचं. भातकुलीच्या एका म्हाताऱ्यानं मिशीवर हात फिरवत मुकाट्यानं सरकी घेतली. यादीत मी त्याला 'आज्ञाधारक' लिहिलं.

दिवाळीला विचारलं, "कशी आली?"

"दूध दाट आलं," तो म्हणाला. "म्हशीले चारली."

हुकूम पाळणाऱ्यांच्या, म्हणजे माझ्या भावाच्याही, शेतात नुसती पानं माजली, बोंड धरलंच नाही. घरातली ज्वारी संपल्यावर मी ज्वारीच पेरलेल्या त्या म्हाताऱ्याच्याच दारात गेलो. त्यानं पायली भरून दिली, वर एक ओंजळ टाकली.

"हे तुमच्या सायबाले. पेरू नोका म्हना, खा."