वल्ह्याचं पातं

ओल्या सुतळीचा वास आला की तापीवरची ती दुपार आठवते. गिरणीच्या सुट्टीला मी नवऱ्याबरोबर होडीतून पलीकडच्या काठावरच्या रांदेरला निघाले होते. ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं. मध्यावर वल्ह्याची कुजलेली सुतळी तुटली. बांबूचा दांडा नावाड्याच्या हातात राहिला, लाकडी पातं वाहू लागलं आणि होडी गर्रकन फिरली. “बेन, पकडजो!” नावाडी ओरडला. पोहता येत नसूनही मी वाकून पातं धरलं. “सोड, पडशील!” म्हणत नवऱ्यानं माझी कंबर आवळली. नावाडी बांधायला पंचा घेऊन पातं मागत होता, पण माझी बोटं उघडेनात. नवऱ्यानं ती एकेक करून सोडवली. काठावर सगळे मला धीराची म्हणाले. भीतीनंच मूठ वळली होती, हे मात्र मी आज पहिल्यांदा सांगतेय.