वहिनीच्या हातची डाळ

महिन्याची वीस तारीख उलटली की आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी काही ना काही निमित्ताने माझ्या दारात येतात. कुणाला विरजण हवं असतं, कुणाला कढीपत्ता. खरं हवं असतं ते वेगळंच. एवढ्याशा पगारात रोज वरण, भाजी, चटणी, वर पोरांच्या डब्यात काहीतरी गोडधोड, हे तुला जमतं कसं, असं त्यांना विचारायचं असतं. मग मीही पदर खोचून सांगायला बसते. मला ते सांगायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

आमचे हे मेहकरात एका कापडाच्या दुकानात कामाला आहेत. घरात सासूबाई आणि दोन मुलं. दोन्ही मुलं वाढत्या अंगाची, जेवून हात धुतला की तासाभरात पुन्हा डबे उघडून बघणारी. किराण्यासाठी हे जे माझ्या हातावर ठेवतात त्यात दोन वेळचं पोटभर होतं, पण चवीचं होईलच असं नाही. आणि मला बेचव रांधायला जमत नाही. म्हणून मी युक्त्या करते. बाजार उठायच्या वेळेला जाते, तेव्हा मेथीची जुडी जवळजवळ मागून घेता येते. कोथिंबिरीच्या काड्या टाकत नाही, त्यांची चटणी वाटते. शेंगदाणे महागले की जवसाच्या चटणीवर येते. उन्हाळ्यात मुगवड्या आणि खारोड्या घालून ठेवते आणि पावसाळ्यात भाजीला हात लावायची सोय राहिली नाही की त्या बाहेर काढते. तेलाची पळी तर मी मुद्दाम लहान आणली आहे, कारण मोठी पळी हातात आली की आपला हातही उगाच मोठा होतो. हे ऐकून बायका हसतात आणि लक्षात ठेवतात.

यातलं एकही खोटं नाही. पण एवढ्याने महिना निघत नाही, आणि तो ज्याने निघतो ते मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही.

माझं माहेर वरवट बकालचं. तिथे थोरला भाऊ शेती करतो. आमच्याकडे नव्या तुरीची डाळ झाली की पहिला वाटा सासरी गेलेल्या लेकीचा. आई होती तोवर ती भरून द्यायची. आई गेल्यावर मी धरून चालले होते की आता हे बंद होणार, कारण हा काही कायदा नव्हे. पण वहिनीने एक वर्षही चुकवलं नाही. आमच्या दोन खोल्यांत वर्षाची डाळ ठेवायला जागा नाही म्हणून ती दोन-तीन खेपांत पाठवते. भाऊ खामगावला आला की तिथून मेहकरच्या एसटीत पिशवी ठेवून देतो आणि आमचे हे स्टँडवरून घेऊन येतात.

आता गिरणीतून डाळ करून आणणारे खूप झाले. वहिनी अजून घरीच करते. तुरीला पाणी दाखवायचं, तेलाचा हात लावायचा, गच्चीवर उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची आणि मग सुपात घेऊन पाखडत बसायचं. ती डाळ दिसायला मळकट असते, काही दाण्यांना साल चिकटलेलं राहतं, शिजायलाही वेळ घेते. पण शिजताना तिचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो. त्या वरणाला नुसतं मीठ आणि हळद घातली तरी पुरते.

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने ही डाळ एकदा पाहिली. मी जवसाबरोबर थोडी निवडायला घेऊन ओट्यावर बसले होते, तो जाता जाता थांबला. ताई, अशी डाळ गिऱ्हाईकं मागतात आणि मला मिळत नाही, म्हणाला. मला द्याल तर बदल्यात तेल घ्या, साखर घ्या, जे लागेल ते घ्या. मी हसण्यावारी नेलं. त्याच महिन्यात तेल संपलं, आणि मी पदराखाली डबा धरून त्याच्या दुकानात गेले.

पुढे ते नेहमीचं झालं. आधी डबाभर, मग अर्धी पिशवी. माझ्या वाट्याची डाळ आहे, मी खाईन नाहीतर बदलून घेईन, यात कुणाचं काय जातं, असं मी स्वतःलाच समजावलं. घरी दुकानातली स्वस्त डाळ आणायची, तिच्यात वहिनीची दोन मुठी मिसळायची, वरून लसणाची खमंग फोडणी द्यायची. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट पोरांच्या डब्यात शिरा दिसायला लागला, सणाला करंज्या झाल्या. माझी सून मातीचंही सोनं करते, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या. मी मान खाली घालून ऐकायची. लोकांना तो विनय वाटायचा.

गेल्या दिवाळीला तर मी पिशवीच्या तळापर्यंत गेले. मैदा, साखर, तूप, पोरांना हवा होता तो चिवडा, सगळं त्या डाळीवर आलं. दिवाळी छान झाली. आणि तुळशीचं लग्न लागून आठ दिवस होतात न होतात तोच वहिनी आली. इकडच्या एका खेड्यात तिच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं, भावाला कापसाची वेचणी सोडून येता येईना, म्हणून ती एकटीच निघाली होती आणि एक रात्र आमच्याकडे थांबणार होती.

मला खरंच आनंद झाला. वहिनी आमच्या घरी पहिल्यांदा मुक्कामाला येत होती. मी तिला म्हटलं की पुरणपोळी करते, हरभऱ्याची डाळ आहे घरात. तिने पिशवीतून वांगी आणि ठेच्याची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली आणि नको म्हणाली.

"पुरन नोको, बाई. आपल्या तुरीचं साधं वरन करा. घरी आमी चुरीचंच रांधतो. आख्ख्या डाळीचं तं तुमच्याकडंच भेटन मले."

चुरी म्हणजे भरडताना जात्याखाली पडणारा डाळीचा चुरा. तो लोक गुरांपुढे टाकतात, फार तर भाकरीच्या पिठात घालतात. मी विचारलं, चुरीचं काऊन? तर ती अगदी सहज बोलली. तूर विकून घरापुरती जी मागे ठेवायची ती फार नसते. तिची आख्खी डाळ निघते ती माझ्याकडे आणि तिच्या लेकीच्या सासरी जाते. घरी दोघंच माणसं, त्यांना चुरी चालते. ती तक्रार करत नव्हती. घरात हे असंच असतं, एवढंच ती सांगत होती.

मी आत गेले. डाळीचा डबा उघडून पाहिला, जसा काही तो मधल्या वेळात भरून येणार होता. मग वहिनीकडे पाठ करून दुकानातल्या डाळीचं पाकीट फोडलं. पिवळीजर्द, गुळगुळीत, एकसारखी डाळ. वहिनी दारात बसून माझी मेथी निवडत होती. मी एकटीच बडबडत होते, पोरांची शाळा, यांचं दुकान, काहीही, कारण गप्प बसले असते तर तिला ती डाळ भांड्यात पडताना ऐकू आली असती असं मला वाटत होतं. हा वेडेपणा होता हे कळत होतं. कुकर लवकर झाला. ती डाळ होतेच लवकर. वहिनीने मान वर करून कुकरकडे पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

जेवायला सगळे बसले. वहिनीने भाताला मधे खळगा केला, वरण घेतलं आणि पहिला घास खाल्ला. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"मेहकरच्या पान्याले वरनाची चव लागत नाही," ती म्हणाली. "पानीच येगळं हाय इकडचं."

सासूबाईंना ते लागलं. आमच्या सुनेच्या वरणाला गल्लीत तोड नाही, असं त्यांनी ऐकवलं. वहिनी म्हणाली, हाव ना, हात चांगलाच हाय त्यायचा, आणि तिने पुन्हा वरण वाढून घेतलं. तिने ते मला सांभाळून घेण्यासाठी घेतलं होतं. भूक म्हणून नव्हे. मला ते कळलं आणि मी तिला वाढलं.

सकाळी मी तिला स्टँडवर सोडायला निघाले. लग्नघरच्या पोरांसाठी तिला बिस्किटं घ्यायची होती. मी पुढच्या दुकानात घेऊ म्हणत होते, पण ती कोपऱ्यावरच्याच दुकानाच्या पायरीवर चढली. दारातच एका परातीत डाळ मांडलेली होती. तिने खाली वाकून मूठभर उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. आपल्या हातचं काम माणूस अंधारातही ओळखेल, आणि हे तर लख्ख ऊन होतं. दुकानदाराला वाटलं नवं गिऱ्हाईक आहे. जात्यावरची आहे, घेऊन जा, या ताईच आणून देतात, असं तो कौतुकाने म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

तिने भाव विचारला. त्याने सांगितला. तिने मूठ हळूच परातीत सोडली, हात झटकला आणि बिस्किटाचे पुडे मागितले.

स्टँडपर्यंतच्या वाटेत मी तीनदा तोंड उघडलं. वयनी, थे मी तेलासाठी, एवढंच जुळवत होते. दरवेळी ती काहीतरी दुसरंच काढायची. गाडीला गर्दी असेल का, ऊन वाढलं का. गाडीत बसल्यावर खिडकीतून मात्र ती माझ्याकडे बघून बोलली.

"पोरं अंगानं चांगली भरली, बाई. चांगलं खाऊ घालता तुमी."

ती टोमणा मारणारी बाई नाही. माझी पोरं कशावर भरली आहेत ते आता आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. फोन करून माफी मागावी असं रोज वाटायचं आणि रोज काहीतरी काम निघायचं. त्याहून लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, मला वहिनीच्या मनाची काळजी कमी आणि डाळीची जास्त होती. आता ती डाळ पाठवणार नाही, मग माझ्या हाताची चव, गल्लीतलं नाव, पोरांचा शिरा, सगळं उघडं पडणार, हीच भीती मला खायची. ती चुरी खात होती, तरीही.

नवी तूर निघाली, उन्हं तापली, आणि एका संध्याकाळी आमचे हे स्टँडवरून दोन पिशव्या घेऊन आले. दरवेळी एकच असायची. एकीचं तोंड लाल चिंधीने बांधलेलं, दुसरीचं सुतळीने. मी बघत उभी असतानाच फोन वाजला.

"लाल चिंधीची घरी खायाले ठेवजा," वहिनी म्हणाली. "सुतळीची दुकानात द्या. पण खायाची पिशवी मोडजा नोको, बाई. पोरायले आपल्या डाळीचं वरन घाला."

मी नुसतं हाव म्हटलं. माफी मागितली नाही. तिला जात्यावर किती बसावं लागलं, घरी चुरी तरी उरली का, हे मी विचारायला हवं होतं. तेही विचारलं नाही. तिने फोन ठेवला.

मी ठरवलं की सुतळीची पिशवी दुकानात न्यायची नाही. पुढच्या वेळी जाईन तेव्हा ती तशीच तिच्या ओट्यावर नेऊन ठेवायची आणि म्हणायचं, ही तुमची. लाल चिंधीच्या डाळीचं वरण मी दुसऱ्याच दिवशी केलं. पोरांनी ताटं चाटून पुसून खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, आज फोडणी जमली. सुतळीची पिशवी फळीवर होती, आणि येता-जाता माझं लक्ष तिच्याकडे जायचं.

वीस तारीख आली, तेल तळाला गेलं. धाकट्याला डब्यात काहीतरी गोड हवं होतं. मी एक दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी पिशवी पदराखाली घेतली आणि कोपऱ्यावर गेले.

दुकानदाराने सुतळी सोडली आणि डाळ परातीत ओतली. मी आजवर ही पिशवी उघडूनही पाहिली नव्हती. घरच्या पिशवीतल्या डाळीत नेहमीसारखे साल चिकटलेले दाणे होते, एखादा खडाही होता. या डाळीत काही नव्हतं. साल नाही, काळा दाणा नाही, तुकडा नाही. एकेक दाणा हाताने वेचलेला होता. बाजारात नणंदेच्या मालाला कुणी नाव ठेवू नये, म्हणून.

दुकानदाराने त्यात बोटं फिरवली. "ताई, या खेपेला फार मेहनत घेतलेली दिसते तुम्ही," तो म्हणाला.

मी हो म्हणाले, आणि तेलाची पिशवी घेऊन घरी आले.