वन्संच्या खुर्चीचा बोल्ट

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं कारखान्यात फिटरचं काम केलं. कारखाना सुटला, पाने काही सुटले नाहीत. मागच्या खोलीत ते थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने टांगलेत. त्यासाठी आमच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरला, तो अजून कपाटामागेच आहे.

ह्यांचं तत्त्व एकच. बोल्ट आवळायचा तो असा, की पुन्हा कुणाच्या बापाला निघू नये. मग तो निघत नाही म्हणून दिवसभर चिडचिड. आवळणारे हेच, पण दोष लोखंडाचा.

गेल्या आठवड्यात वन्संच्या, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या, चाकाच्या खुर्चीचं पुढचं चाक मोडलं. नवं आणलं, पण जुन्याचा बोल्ट गंजून बसलेला. वन्संची मैत्रीण दुसऱ्या दिवशी सकाळी कायमची लेकीकडे राहायला जाणार होती. तिला अंथरुणावरून उठवत नाही, आणि तिच्या बोळात गाडी शिरत नाही. म्हणजे भेटायचं तर वन्संनीच जायचं, खुर्चीवरून, त्याच संध्याकाळी.

"कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलवा," मी म्हटलं.

"का, मी मेलोय?"

"तसं नाही. पण बोल्ट तुमच्यापेक्षा धडधाकट दिसतोय."

ह्यांनी पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवला. त्याने जोर वाढतो म्हणे. वाढला. कट्ट आवाज झाला आणि बोल्टाचं डोकं तुटून पलंगाखाली गेलं. जुनं चाक हातात आलं, खुर्चीत बोटभर खुंट उरला.

"चला, निम्मं काम झालं," हे म्हणाले.

वन्सं पलंगावरून बघत होत्या. "मग मी तिला निम्मीच भेटून येऊ का रे?"

तेव्हा कुठे ह्यांचा चेहरा उतरला. खुंट झाळकामाच्या बत्तीने तापवला. मी मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आट्यांत शिरलं. ह्यांनी पक्कड लावली आणि लागले दात-ओठ खाऊन पिळायला.

"नुसता पिळू नकोस," वन्सं म्हणाल्या. "किंचित आवळ, मग सोड. परत तसंच."

"ताई, तुला काय कळतं त्यातलं?"

"तुला शाळेत मीच पोचवायची. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. ओढलं की तू रस्त्यात बसायचास."

ह्यांनी पक्कड सैल धरली. किंचित आवळला, किंचित सोडला. पंधरा-वीस वेळा तसं केल्यावर खुंट कुरकुरला आणि गुमान बाहेर आला.

नवं चाक बसवून उन्हं कलायच्या आत आम्ही मैत्रिणीकडे पोचलो. दोघी हातात हात घेऊन बसल्या. एवढ्या आटापिट्यानंतर बोलल्या काय, तर लेकीकडच्या खोलीला खिडकी आहे की नाही. पण हात काही सोडेनात.

ह्यांना कुठलं बसवतंय. बाहेर येऊन बघते तर फाटकाशी उकिडवे, गंजलेल्या बिजागरीवर नजर, आणि खिशातून पाना निघालेला.

"राहू द्या," मी म्हटलं. "सकाळी त्यांना बाहेर पडायचंय."