ऐंशीपुढचा पॉइंट

कारध्याचा टिकाराम सव्वीस वर्षं पूल ओलांडून सायकलने भंडाऱ्याला येत होता. मनिषभाऊंच्या वर्कशॉपात राइस मिलचा कुठलाही शाफ्ट आला की तो कातायला त्याच्याच लेथवर चढायचा. मिलवाले त्याचं नाव विचारत यायचे.

मग मनिषभाऊंनी नागपूरहून एक जुनी, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी लेथ आणली. तिच्यामागोमाग अड्याळची रीना आली. आयटीआय झालेली, तेवीस वर्षांची. ती हँडल फिरवत नसे. बटणं दाबायची. हिरव्या पडद्यावर आकडे उमटायचे आणि लोखंड तिचं ऐकायचं. आठ महिन्यांत चहाचा पहिला कप तिच्याकडे जाऊ लागला. मिलवाले विचारू लागले, "बाई आहे का?"

टिकारामची लेथ बरोबर तिच्या पाठीमागे. तो दिवसभर तिच्या खांद्यावरून पाहायचा. तिचं काय चुकतं तेवढंच. रात्री जेवताना तेच पुराण.

"रोज त्याच पोरीचं नाव," बायको आनंदाबाई म्हणाली. "माही सवत होय का जी ती?"

"तुही नाही. माही होय."

धानाच्या हंगामात लाखनीची एक मिल बंद पडली. झिजलेला शाफ्ट घेऊन मिलवाला दारात उभा राहिला. टिकारामने शाफ्ट पाहिला. नऊ वर्षांपूर्वी त्यानेच केलेला. टोकाला त्याची खूण होती. त्याने हात पुसले.

"रीनाबाई, तुमी घ्या," मनिषभाऊ म्हणाले. "लवकर होईन. पण टूल शाफ्टावर ठोकू नका. एकदा ठोकली का मशीन परत नागपूरले."

मशीन गेली की रीनाही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एकाच नगासाठी प्रोग्राम कोण लिहीत बसतं? रीना एकेक ओळ हाताने टाकू लागली. ओळ टाकायची, हिरवं बटण दाबायचं. कापणारं टूल तेवढंच हलायचं. पुन्हा ओळ. मिलवाला सारखा घड्याळ बघत होता. टूल शाफ्टच्या बाजूला उभं होतं. ते जवळ आणायला तिने एक्स ऐंशी टाकलं. एक्स म्हणजे शाफ्टच्या मध्यापासूनचं माप.

ऐंशीपुढे दशांशाचा पॉइंट नव्हता.

टिकारामला ते दिसलं. ही जुनी मशीन पॉइंट नसलेल्या ऐंशीला ऐंशी मिलिमीटर मानत नाही. त्याचा हजारावा भाग धरते. म्हणजे जवळजवळ शाफ्टचा मध्यच; टूल थेट शाफ्टात घुसणार होतं.

रीनाचं बोट हिरव्या बटणाकडे गेलं. दाब, टिकाराम मनात म्हणाला. दाब एकदा.

मग त्याला मशीनवर चढलेल्या शाफ्टच्या टोकावरची आपली खूण दिसली.

"पॉइंट!" तो ओरडला.

बोट हवेत थांबलं. रीनाने पडदा वाचला. तिने ऐंशीपुढे पॉइंट टाकला.

"काका, तुमाले कसं समजलं?"

"दिसते ना मले. आंधरा हाव का?"

"काय झालं?" मनिषभाऊ धावत आले.

"पॉइंट राहिला होता, भाऊ. काकांनं वाचवलं."

मनिषभाऊ त्याच्याकडे वळले. "टिकारामभाऊ, तुमाले येते हे?"

"मले कायले येते?" तो म्हणाला. आठ महिन्यांतली तिची एकेक ओळ त्याला पाठ होती.

दुसऱ्या दिवशी नवा शाफ्ट आला. रीनाने ओळ टाकली आणि बाजूला सरकली. "काका, पाहा बरं एकदा."

टिकाराम वाकला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. एकही पॉइंट सुटला नव्हता.

"दाब," तो म्हणाला आणि चडफडत आपल्या लेथकडे वळला.